ऐकलेला मासा

"तुझ्या घरच्या पत्र्यावर पाऊस पडला, की ते पाणी कुठे जातं?"

देवासच्या कॉलेजात एम.एस्सी.ला प्रवेश घेतल्यावर करंबेळकर सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. मी सरदारपूरच्या हिंदी शाळेतून आलेली, आमच्या घरातली कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मुलगी. घाबरून म्हणाले, "गटारात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरोबर. आणि गटारातून?"

"नाल्यात."

"नाल्यातून?"

"माहीत."

"माहीत आहे तर सांग की."

"सर, माहीत म्हणजे... माही नदीत."

तेव्हा मात्र ते हसले, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'माही' पडलं. जाधव हे आडनाव फक्त हजेरीपुरतं उरलं. त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी असंच पाण्यावरून नाव दिलेलं होतं. बदनावरचा लोकेश नावाचा मुलगा माझ्याबरोबर होता. त्याच्या गावचं पाणी चंबळेला मिळतं, म्हणून तो 'चंबळ'. "चंबळ आला नाही का आज?" असं सर व्हरांड्यातून ओरडले, की ऑफिसमधले कारकून दचकून वर बघत. चंबळेचं नाव आमच्याकडे डाकूंच्या गोष्टींशिवाय कोण घेतं?

यात थट्टा होती, पण सरांचं सगळं कामही यातच होतं. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांची जमीन घराच्या आढ्यासारखी आहे. एका अंगाला पडलेला पाऊस माहीतून खंभातच्या समुद्राला जातो, दुसऱ्या अंगाचा चंबळेतून थेट गंगेला, आणि घाटाखाली उतरलेला नर्मदेला. "एकाच ढगाच्या तीन वाटण्या," सर म्हणत. "भाऊ वेगळे निघाले, की भांडीही वेगळी होतात. तसे मासेही." कोणत्या पाण्यात कोणता मासा मुळापासून आहे, कुठे अजून टिकून आहे आणि कुठे दिसेनासा झाला, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला. ट्रकमधून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणून सोडलेल्या माशांना ते 'बदलीवर आलेले' म्हणत. बाकीचे 'घरचे'.

सर उंच, वाळके, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. स्कूटरच्या मागच्या सीटला जाळं बांधलेलं असे. त्यांचं मूळ घराणं धारचं, देवळाच्या पूजेअर्चेतलं. मासा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. शैलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते ओल्या जाळ्यासकट स्वयंपाकघरात शिरले आणि सासूबाईंनी परसदारी त्यांच्यासाठी कायमची एक वेगळी बादली ठेवली. "त्या बादलीत मासासुद्धा शिरणार नाही, इतका तिला वास," काकू म्हणत. सर ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि चहा पीत.

मासा हातात घ्यायचा तर आधी हात पाण्यात बुडवायचा, हा त्यांचा पहिला नियम. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं कातडं राखतो. कोरड्या हाताला तो थर निघून येतो. "तुला कुणी गरम तव्याने धरलं तर?" ते विचारत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की कुणाच्या घरी तान्हं बाळ बघायला गेले तरी आधी मोरीवर जाऊन हात ओले करून येत. बाळाची आई म्हणे, "काका, पुसा ना हात." मग सर स्वतःच लाजून रुमाल शोधत.

माझं मराठी घरात बोलण्यापुरतं होतं. वाचायला बसले की बोट ठेवून वाचावं लागे, आणि बोलताना हिंदी कधी शिरे ते कळत नसे. एकदा दिवसभर नदीत उभी राहून वर आले आणि म्हणाले, "सर, सकाळपासून एकही मासा भेटला नाही."

"भेटायला तो काय तुझा मामा आहे?" सर म्हणाले. "माणूस भेटतो. मासा सापडतो."

"मग सापडला नाही."

"हां. आता पुढचं ऐक. 'सापडला नाही' असं म्हण, पण 'नाही' असं म्हणू नकोस. न सापडणं ही तुझी बाजू झाली. नसणं ही त्याची. त्याच्या बाजूने बोलण्याचा हक्क तुला नदीत किती उन्हाळे काढल्यावर येईल, ते मला माहीत नाही. मला अजून आलेला नाही."

माझं मराठी असं माशांच्या निमित्ताने सुधारत गेलं. आज हे चार शब्द मी मराठीत लिहू शकते, ते त्यामुळेच.

पण सरांचा खरा शब्द दुसराच होता. 'ऐकलेला मासा.' कुणी काही बातमी आणली की ते विचारत, "पाहिलेला की ऐकलेला?" कॉलेजात अमक्याची बदली होणार म्हणतात, ऐकलेला. बागलीच्या रस्त्याचं काम सुरू झालं म्हणे, ऐकलेला. काकू भाजीवालीकडून शेजारच्या सुनेची काही हकिकत घेऊन येत, तेव्हा आतून आवाज येई, "ऐकलेला मासा शिजवू नये गं." काकू तिथूनच उत्तर देत, "मला तरी पाहून केली होती ना, की मीही ऐकलेलीच?"

या शब्दाचा जन्म कसा झाला ते सर स्वतःच प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत, आणि अजिबात न लपवता सांगत.

तरुणपणी त्यांनी माळव्यातल्या तळ्यांवर प्रबंध लिहिला. सायकलवरून गावोगाव फिरले. लांब मिशांचा, शिंगासारखा काटा असलेला एक मासा आहे. सरांच्या धारच्या घरच्या मराठीत तो शिंगाडा. जिथे जाळं टाकायला वेळ मिळाला नाही, तिथे सर काठावरच्या माणसांना विचारत, "भिया, यहाँ सिंघाड़ा मिलता है?"

"हाँ साब, खूब. सर्दी में आजो, झोलो भरी के ले जाजो."

सर खूश. नकाशावर त्या तळ्याला एक ठिपका. पुढच्या तळ्यालाही तेच उत्तर, आणखी एक ठिपका. पदवी मिळाली, अभिनंदन झालं. त्यानंतरच्या थंडीत ते सहज एका तळ्यावर गेले, तर तिथल्या माणसाने त्यांना ओळखलं आणि बोलावून खरोखरच पिशवी भरून दिली. आत हिरवे, काटेरी, तळ्याच्या पाण्यावर वेलीला लागतात ते शिंगाडे होते. उकडून मीठ लावून खायचे.

"मी मासा विचारला आणि त्यांनी फळ सांगितलं," सर म्हणत. "शब्द एकच होता. दोघंही खरं बोललो, आणि नकाशा खोटा झाला."

इथे वर्ग हसत असे. सर हसू संपेपर्यंत थांबत. मग सांगत, की तोवर ते ठिपके त्यांच्या प्रबंधातून दुसऱ्यांच्या लेखांत गेले होते, तिथून पुस्तकांत. "माझ्या ठिपक्यांना पिल्लं झाली होती." चूक कळवून ते थांबले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी ठरवलं, की प्रत्येक तळ्यावर पुन्हा जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि मगच ठिपका ठेवायचा किंवा पुसायचा. सायकलची स्कूटर झाली, केस पांढरे झाले, तळ्यांपैकी काही बुजून त्यांवर वसाहती झाल्या. तरी ते जात राहिले. मी त्यांच्याकडे आले तेव्हाही ते काम चालूच होतं, आणि त्या कामातूनच त्यांना माळव्यातलं पाणी इतकं जवळून कळलं होतं. एखाद्याने आपली चूक दुरुस्त करायला एक आयुष्य द्यावं आणि त्यात कुठेही रडका सूर नसावा, हे मी त्यांच्यातच पाहिलं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न ठरायला आलं. बाबा पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टवर होते. तिथल्याच एका सुपरवायझरचं स्थळ आत्याने आणलं होतं. मुलगा हुशार, घरचे चांगले, लग्न लगेच हवं. मी सरांना सांगितलं, की परीक्षेनंतर मला पुढे येता येणार नाही. पुढच्या रविवारी सर स्कूटर घेऊन सरदारपूरला आमच्या दारात उभे.

बाबांची धांदल उडाली. खुर्ची आणली, पोहे आणले. सरांनी विचारलं, "जाधवराव, मुलगा पाहिलात की ऐकलात?"

"म्हणजे, ताई सांगते ना. चांगला आहे."

"मग ऐकलात. हरकत नाही, पाहून घ्या. पण एक सांगू? आधी मुलगी पाहा."

"माझीच मुलगी?" बाबा हसले. "तिला तर रोजच पाहतो."

"घरात पाहता. मंगळवारी आम्ही माहीवर आहोत, पुलाच्या खाली. तुमची शिफ्ट सुटली की या."

बाबा आले. कंपनीच्या बसमधून उतरून, डबा हातात तसाच. मी कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याचं एक टोक धरून उभी होते आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या लोकेशला ओरडून सांगत होते, की खालची दोरी तळाला टेकव, नाहीतर सगळे निसटतील. बाबा काठावर आहेत हे मला ठाऊक नव्हतं. वर आले, तेव्हा ते ट्रेमधल्या माशांकडे बघत होते. मी एकेकाचं नाव सांगितलं, कुठला घरचा, कुठला बदलीवर आलेला. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "हे तुला सगळं येतं?" आणि सरांकडे वळून, "माट्साब, पोरगी पाहिली मी."

लग्न पुढे गेलं. दोन वर्षांनी त्याच मुलाशी झालं. स्थळ खरंच चांगलं होतं, एवढंच की आत्याने ते फक्त ऐकलेलं होतं आणि बाबांनी पुढे पाहिलं. मी पीएच.डी. केली आणि धारला शिकवायला लागले. लोकेश मत्स्य खात्यात निरीक्षक झाला. आम्ही दोघंही सरांच्या घरी जात राहिलो.

एका दिवाळीला गेले, तेव्हा सर माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघून बोलत होते. मला वाटलं, रागावले आहेत. काकूंनी आत बोलावून सांगितलं, की डोळ्यांच्या मधोमध डाग आला आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणाले, हा परत जायचा नाही, वाढेल.

बाहेर आले, तर सरांना सगळं कळलेलं. "सांगितलं ना काकूने? खोटे ठिपके पुसत फिरलो, त्यातला एक शेवटी डोळ्यात येऊन बसला." आणि मग लगेच, जणू हा विषय संपला, "हत्तीदहाचं काय झालं?"

हत्तीदह हा बागलीच्या खाली, घाट उतरल्यावर, नर्मदेकडे जाणाऱ्या एका नदीतला डोह. तिकडे डोहाला दह म्हणतात. उन्हाळ्यात नदी तुटते, पण त्या डोहात पाणी राहतं. तिथे बाडस आहे, असं सगळे म्हणत. बाडस म्हणजे महासीर, सोनेरी खवल्यांचा, वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. आमच्या भागातल्या बहुतेक डोहांतून तो दिसेनासा झाला आहे. आता गावच्या मच्छीमारांच्या समितीला त्या डोहात लवकर वाढणाऱ्या परदेशी माशांचं बीज सोडायचं होतं. पहिला पाऊस झाला की सोडायचं. एकदा सोडलं की तो मासा डोहातलं खाणं खातो, दुसऱ्याची अंडी खातो, आणि पुन्हा बाहेर काढता येत नाही. डोहात बाडस आहे असं कुणी जबाबदार माणसाने लेखी दिलं, तर मात्र तो डोह वगळता आला असता. ते बघण्याचं काम नेमकं लोकेशकडे होतं.

सर समितीच्या विरोधात नव्हते. "त्यांनाही पोटं आहेत," ते म्हणत. "तळी आहेत ना इतकी खणलेली. तळं म्हणजे घागर, तिच्यात हवं ते भरा. नदी म्हणजे वाट. तिच्यात सोडलेलं कुठवर जाईल ते कोण सांगणार?"

त्या हिवाळ्यात आम्ही अनेकदा हत्तीदहाला गेलो. मी गाडी चालवायची, सर शेजारी, मागे जाळं. डोहावर भेरूलाल असे. साठीचा कोळी, जाळं फेकण्यात पटाईत आणि थापा मारण्यात त्याहून. त्याच्या बोलण्यात हत्तीदहातला बाडस दर फेरीला वाढत होता. पहिल्यांदा हाताएवढा होता, मग वासराएवढा झाला.

"भेरू, तू स्वतः पाहिलास?" सर विचारत.

"माट्साब, म्हारा बाप ने देख्यो थो."

"मग बापाला घेऊन ये."

"वी तो कदी का राम के घर चल्या गया."

"मग हा दोनदा ऐकलेला."

भेरू खो खो हसे आणि जाळं फेके. जाळ्यात बारीकसारीक पुष्कळ येई. बाडस येत नव्हता. मी भाजलेले चणे टाकून तासन्‌तास काठावर बसे. खोल पाण्यात काहीतरी हललं असं वाटे. सर विचारत, "पाहिलास?" मी प्रामाणिकपणे म्हणे, "नाही सर. वाटलं."

होळीनंतर बागलीला समितीची बैठक झाली. आदल्या दिवशी लोकेश सरांच्या घरी आला. मी तिथेच होते.

"सर, अपन सीधी बात करू," तो म्हणाला. "तुम्ही फक्त एवढं लिहा, की डोहात बाडस आहे. सगळं गाव म्हणतं. देवळातला पुजारी म्हणतो, भेरू म्हणतो. तुमच्या सहीवर कुणी बोट ठेवणार नाही. बाकीचं मी बघतो."

"गाव म्हणतं असं लिहितो."

"त्याने नाही चालणार. 'आहे' लिहावं लागेल."

"मी पाहिलेला नाही, चंबळ."

"सर, तुमच्या डोळ्यांनी तुम्ही आता..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही नाही लिहिलं तर बीज पडेल. मासा गेल्यावर तुमचा नियम कुणाच्या कामाचा?"

मलाही तेच वाटत होतं, आणि मी ते बोललेही. "सर, एकदाच. माशासाठी."

सरांनी दोघांच्याही कानांकडे पाळीपाळीने पाहिलं. "माशासाठीच तर. आज मी न पाहता 'आहे' लिहिलं आणि उद्या तिथे काही निघालं नाही, तर पुढच्या डोहावर तू खरं लिहिशील तेव्हा तुझं कोण ऐकेल? म्हणतील, त्या म्हाताऱ्याने शिंगाडे पण मासे म्हणून दाखवले होते." मग काकूंना हाक मारून म्हणाले, "चंबळेला चहा दे. तापलाय."

काकू कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "रागावू नकोस रे लोकेश. ह्यांनी माझं नाव रेशनकार्डावरसुद्धा दोनदा वाचून घेतलं होतं."

बैठकीत सर उभे राहिले. हिंदीत आणि तुटक माळवीत बोलले, कागद हातात नव्हता. "मी पुष्कळदा आलो. मला बाडस दिसला नाही. तुम्ही म्हणता आहे, मी 'नाही' म्हणत नाही. पण 'आहे' असंही म्हणणार नाही. मला जेठ संपेपर्यंत वेळ द्या. डोह आटून लहान होईल, तेव्हा बघू. तरीही दिसला नाही, तर ज्याला जे सोडायचं ते सोडा, मी आडवा येणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "माट्साब, अपने तो दीखे बी नी, तम कई देखोगा?"

हशा झाला. सरही त्यात सामील झाले. "मला दिसत नाही. हिला दिसतं," म्हणत त्यांनी माझ्या दिशेने हात केला. हात जरा चुकीच्या बाजूला गेला, तिथे भेरूलाल बसला होता. तो हात जोडून उठून उभा राहिला आणि हशा वाढला. पण वेळ मिळाला. डोह वाचवायच्या बाजूने बोलायला ज्याला आणलं होतं, त्यानेच "मला दिसला नाही" म्हटल्यावर त्याच्यावर अविश्वास कुणी ठेवावा?

जेठात डोह एका मोठ्या अंगणाएवढा उरला. उन्हं चढायच्या आत आम्ही पोचायचो. सर एका सपाट दगडावर बसत, पाय पाण्यात सोडून. आता त्यांना पाणीसुद्धा फक्त कडेकडेने चमकतं एवढंच कळत असे. मला सुट्टी होती. जवळजवळ रोज जात होतो. रोज रिकाम्या हाताने घाट चढून परत. एकदा मी गाडीत म्हणाले, "सर, खरंच नसेल तर?"

"तर आपण तसं सांगू," सर म्हणाले. "उद्या किती वाजता निघायचं?"

ढग जमायला लागले होते, त्या आठवड्यातली ती सकाळ. भेरूने खडकाच्या कपारीजवळ जाळं फेकलं आणि ओढताना आत वाकून पाहिलं. मग ओरडला, "बाडस! माट्साब, बाडस हे!"

"भेरू, तू गप," सर दगडावरून म्हणाले. "माही, तू सांग. आणि हात ओले कर."

मी हात बुडवले आणि जाळ्यातून मासा सोडवून पाण्याच्या घमेल्यात घेतला. तळहाताएवढा, कोवळा. पाठ हिरवट, कूस सोन्यासारखी.

"मिशा?"

"दोन जोड्या."

"खवलं?"

"मोठी. माझ्या नखाएवढी."

"बाजूच्या रेषेवरची मोज."

मोजली. सरांना हवा होता तोच आकडा आला.

"पुन्हा मोज. दुसऱ्या बाजूने."

पुन्हा तेच. फोनवर फोटो काढले, पट्टी शेजारी धरून, आणि लांबी मोठ्याने सांगितली. सर म्हणाले, "लहान आहे म्हणतेस? चांगलं झालं. लहान आहे म्हणजे आई इथेच कुठेतरी आहे." मी घमेलं त्यांच्याजवळ नेलं. त्यांनी बोटं पाण्यात घातली. मासा बोटांना घासून गेला, तसा त्यांनी हात लगेच बाहेर काढला. "पुरे. दमेल तो. माही, पाहिलास ना?"

"पाहिला, सर."

"मग आजच लिही. नाव तुझं."

"आपली दोघांची नावं घालू."

"माझं कशाला? मला तू सांगितलंस. माझ्यासाठी हा ऐकलेला मासा." ते अगदी सहज, हिशेब सांगावा तसं बोलले. वाद घालून उपयोग नव्हता.

मी लिहिलं. लोकेश दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन डोह बघून गेला आणि हत्तीदह वगळला गेला. बीज वरच्या तळ्यांत पडलं, आणि भेरूच्या भावालाही त्यातलं एक तळं मिळालं. नकाशावर त्या डोहाला मी ठिपका ठेवला. सर त्यानंतर नदीवर आले नाहीत. पुढच्या थंडीत, शिंगाड्यांच्या दिवसांत, ते गेले. काकूंनी ती परसदारची बादली अजून काढलेली नाही.

मला मात्र सर म्हटलं की त्या सकाळचंच आठवतं. मी आणि भेरू घमेलं काठाशी टेकवून त्या पिल्लाला पाण्यात सोडत होतो. दोघांचीही डोकी खाली होती. ते क्षणभर तिथेच थांबलं, शेपटी हलली, आणि गेलं. तेवढ्यात पलीकडे, खोल पाण्याच्या बाजूला, काहीतरी जड पाण्यावर आपटल्यासारखा आवाज झाला. आम्ही मान वर केली, तोवर नुसती वर्तुळं पसरत होती.

सरांची मान आमच्या आधीच त्या बाजूला वळलेली होती. ओला हात तसाच गुडघ्यावर, पाणी बोटांवरून निथळत होतं. चेहरा असा, की मी तो त्यांच्या कुठल्याही सत्कारात पाहिला नव्हता.

"सर, केवढा होता?" मी विचारलं.

"मोठा होता गं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "लिहू नकोस."